हमी : दिलेली आणि विकलेली



कुरुंदवाडचे माझे एक स्नेही गेल्या दसऱ्यापूर्वीं नवी मोटार घेण्यासाठीं शहरांतल्या एका शोरूममध्यें गेले. मोटार कोणती घ्यावयाची, रंग कोणता असावा, हें घरांत महिनाभर वाद होऊन आधींच ठरलें होतें; त्यामुळें तें काम पाव तासांत उरकलें. मग विक्रेत्यानें एक छापील कागद पुढें केला. त्यावर मोटारीच्या किंमतीखालीं आणखी पांच ओळी होत्या : कारखान्याची हमी संपल्यावर पुढें दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी, विम्याला जोडून झीरो डेप, दुसरें जोड इंजिन प्रोटेक्ट, रंगावर चढवावयाचा संरक्षक लेप, आणि रस्त्यांत गाडी बंद पडल्यास मदत. प्रत्येक ओळीसमोर आधींच खूण केलेली होती. "हप्त्यांत फारसें जाणवणार नाहीं, साहेब," एवढेंच विक्रेता म्हणाला. स्नेही सावध गृहस्थ. त्यांनीं सहीसाठीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले. "गुरुजी, आपण जन्मभर इतिहास शिकवलात. ह्यांतलें काय घ्यावें आणि काय सोडावें, तें इतिहासाला विचारून सांगा," असें ते हंसत म्हणाले.

इतिहास मोटारीचा भाव सांगत नाहीं. परंतु घेतलेल्या मालाचें भय घेणाऱ्यानें वाहावयाचें कीं विकणाऱ्यानें, हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचें उत्तर वेळोवेळीं कसें बदलत गेलें, हें इतिहास नीट सांगूं शकतो. स्नेह्यांना जें सांगितलें, तेंच आज थोड्या विस्तारानें आपणांपुढें मांडतों.

आपल्या धर्मशास्त्रांत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत खरेदी-विक्रीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाला स्वतंत्र स्थान आहे. मनुस्मृतीनें सौदा मोडण्यास सरसकट दहा दिवस दिले. नारदाचा हिशेब अधिक काटेकोर आहे. घेतला त्याच दिवशीं माल जसाच्या तसा परत केला तर कांहीं तोटा नाहीं. दुसऱ्या दिवशीं केला तर किंमतीचा तिसावा भाग जावयाचा. तिसऱ्या दिवशीं त्याच्या दुप्पट. आणि त्यानंतर माल घेणाऱ्याच्या गळ्यांत. याज्ञवल्क्यानें मात्र वस्तु पाहून परीक्षेची मुदत ठरविली : लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझें वाहणाऱ्या जनावरास पांच, रत्नास सात आणि बियाण्यास दहा.

ह्या आंकड्यांमागें एक साधा विचार मला दिसतो. गाय किती दूध देते हें तीन दिवसांच्या धारांत कळतें. बैल जुंवाखालीं चालतो कीं बसतो हें समजावयास चार-पांच दिवस लागतात. बीं रुजतें कीं नाहीं, ह्यासाठीं त्याहून अधिक थांबावें लागतें. म्हणजे वस्तूच्या पोटांतला दोष बाहेर पडावयास जेवढा काळ लागावा, तेवढी मुदत घेणाऱ्याला मिळाली पाहिजे. ह्याच स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राजवटींत, म्हणजे १०७६ ते ११२६ ह्या काळांत लिहिली. त्या वेळीं आपल्या कृष्णा-पंचगंगेकांठच्या मुलखावर कोल्हापूरच्या शिलाहारांची सत्ता होती आणि ते चालुक्यांचेच मांडलिक होते. तेव्हां हा विचार आपल्याला दूरचा नव्हे. त्यांत लक्ष्यांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या पांच दिवसांचे वेगळे पैसे कोणी मागत नसे. हमी ही विक्रीच्या पोटांतच होती.

भय वेगळें काढून त्याची वेगळी किंमत करण्याची कला व्यापाऱ्यांनीं शोधली, ती दोषासाठीं नव्हे, तर वाटेवरच्या संकटांसाठीं. मराठींत ‘हुंडेकरी’ हा शब्द आहे. माल अमुक ठिकाणीं पोंचविण्याचा ठोक मक्ता घेणारा, वाटेंतलें भाडें आणि जकाती स्वतः भरणारा, तो हुंडेकरी. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारांत ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल सुखरूप पोंचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. माल बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडाले. ‘विमा’ हा आपला शब्द तर फारशींतल्या भयवाचक शब्दापासून आलेला आहे. म्हणजे दोष हा विकणाऱ्याचा आणि दैव हें विमेवाल्याचें, अशी वांटणी आपल्याकडे रूढ होती. ही वांटणी ध्यानांत ठेवावी. त्या छापील कागदाची किल्ली हिच्यांतच आहे.

इंग्रजी अंमलांत तिसरें तत्त्व आलें : घेणाऱ्यानें आपलें पाहून घ्यावें. मालविक्रीचे नियम प्रथम १८७२ च्या कराराच्या कायद्यांत होते; ते पुढें १९३० च्या स्वतंत्र कायद्यांत आले. त्या कायद्यानें हें तत्त्व मान्य केलें, पण त्याला मोठे अपवादही ठेवले. जो त्या जातीच्या मालाचाच व्यापार करतो, त्यानें वर्णनावरून विकलेला माल बाजारांत चालण्याजोगा असलाच पाहिजे, हें वचन न बोलतांही गृहीत धरलें जातें. मात्र त्याच कायद्याच्या ६२ व्या कलमानें अशीं गृहीत वचनें स्पष्ट कराराने बाजूला सारण्याची मुभा दिली. मोटारी विकणाऱ्या कारखान्यांनीं ह्या मुभेचा लाभ जगभर घेतला. त्यांच्या हमीपत्रांत एका हातानें कांहीं महिन्यांची लेखी हमी दिलेली असे आणि शेवटच्या बारीक ओळींत, हिच्याखेरीज दुसरी कोणतीही हमी नाहीं, असें लिहून दुसऱ्या हातानें बरेंच कांहीं काढून घेतलेलें असे.

मोटारीच्या विम्याचें चक्र आपल्याकडे उशिरा फिरलें. १९३९ च्या मोटार कायद्यानें रस्त्यावरच्या तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला, पण तें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलें. कुरुंदवाड तेव्हां पटवर्धनांचें संस्थान होतें. १८५४ सालीं त्याच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या होत्या. ब्रिटिश मुलखांतले कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतलीं संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं, आणि हा सीमेवरचा फरक मिटला.

पुढचीं तीस-पस्तीस वर्षें टंचाईचीं होतीं. पैसे आगाऊ भरून मोटारीसाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागे. ज्याच्या दारांत रांग उभी आहे, तो हमी कशाला वाढवील? अमेरिकेंत नेमकें उलट घडत होतें. तेथें १९६३ च्या मोटारींवर क्रायस्लर कंपनीनें इंजिन आणि गतियंत्रणेची पांच वर्षांची किंवा पन्नास हजार मैलांची हमी देऊं केली. प्रतिस्पर्ध्यांवर मात करण्यासाठीं दिलेली ही हमी होती. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. मालाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो. त्यामुळें वाईट माल चांगल्या मालाला बाजारांतून हुसकून लावतो, असें त्यानें दाखविलें, आणि हमी हा त्यावरचा एक उपाय सांगितला. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरांत मारुतीची पहिली मोटार बाहेर पडली, १९९३ सालीं मोटारधंद्यावरचें परवान्याचें बंधन उठलें, आणि मग आपल्या कारखान्यांतही हमीची चढाओढ लागली.

चढाओढ आली कीं मोटारीवरचा नफा घटतो, आणि दुकानदार नफ्याच्या दुसऱ्या जागा शोधूं लागतो. मोफत हमीच्या शेपटाला विकत हमी जोडली गेली ती अशी. विम्याचे ठराविक दर २००७ च्या आरंभीं सुटले आणि २००९ पासून मूळ विम्यावर जोड देण्यास कंपन्यांना मोकळीक मिळाली. ह्या सर्वांचा संगम आज मोटार विकणाऱ्याच्या मेजावर होतो. म्हणूनच, विमा आमच्याकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती डीलरानें करूं नये, असे नियम विमा नियामक प्राधिकरणाला २०१७ सालीं करावे लागले.

आतां स्नेह्यांच्या कागदाकडे येऊं. जुनी वांटणी लावून पाहिली कीं तो पुष्कळसा सोपा होतो. पहिली ओळ दोषाची आहे. झीरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट ह्या दोन दैवाच्या आहेत. लेपाची ओळ दोषाचीही नव्हे आणि दैवाचीही नव्हे. रस्त्यावरच्या मदतीविषयीं मी त्यांना एवढेंच सुचविलें कीं, ती मोटारीबरोबर किंवा विम्याबरोबर आधींच मिळते काय, हें पाहून मग पैसे द्यावे.

वाढीव हमीला याज्ञवल्क्याचा प्रश्न विचारावा : दोष बाहेर पडावयास किती काळ लागतो? कारखान्यांत राहिलेला दोष बहुधा पहिल्या कांहीं वर्षांत दिसतो, आणि तो काळ मोफत हमीचा असतो. त्यापुढें प्रामुख्यानें झीज सुरू होते. आणि क्लच, ब्रेकचे पॅड, टायर, बॅटरी असे झिजणारे भाग वाढीव हमींतून सामान्यतः वगळलेले असतात. तरी ती सर्वांनाच निरुपयोगी आहे असें नाहीं. आपोआप गिअर बदलणारी किंवा विजेच्या किचकट यंत्रणेची मोटार असेल, ती सात-आठ वर्षें ठेवावयाची असेल, आणि एखादा मोठा भाग बदलण्याचा खर्च एकदम झेपणारा नसेल, तर ती घेण्यांत शहाणपण आहे. पण मुदत वर्षें आणि किलोमीटर ह्यांपैकीं जें आधीं पुरें होईल त्यावर संपते. रोज शंभर किलोमीटर धांवणारी मोटार वर्षांतून तीनशें दिवस चालली, तर तिचे एक लाख किलोमीटर साडेतीन वर्षांच्या आंत भरतात. मग पांच वर्षांचा कागद कपाटांत राहतो. शिवाय हमी कारखान्याची, विमा कंपनीची कीं नुसती दुकानाची, आणि कोणत्या कार्यशाळेंत देखभाल केली नाहीं तर ती रद्द होते, हें सहीपूर्वीं वाचावें. हमीचा कागद नसला म्हणजे ग्राहक अगदींच उघडा पडतो, असेंही नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं सदोष मालाबद्दल दोन वर्षांच्या आंत आयोगाकडे दाद मागतां येते.

"हप्त्यांत जाणवणार नाहीं" ह्या वाक्याचाही हिशेब करावा. ह्या ओळींचे पंचवीस हजार रुपये नऊ टक्के व्याजाच्या पांच वर्षांच्या कर्जांत मिसळले, तर महिन्यास सुमारें ५१९ रुपये पडतात आणि एकूण ३१,१०० च्या वर जातात. जी हमी आणखी कांहीं वर्षांनीं सुरू व्हावयाची, तिच्यावर आजपासून व्याज. बहुतेक कंपन्या ही हमी मूळ मुदत संपण्यापूर्वीं घेऊं देतात, मग ती थोडी महाग पडो. तेवढा अवधि हीच आपली परीक्षेची मुदत समजावी.

दैवाच्या ओळी मात्र गांव पाहून ठरवाव्या. कुरुंदवाडला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालें कीं पलीकडचीं माणसें स्नानाला धांवतात, आणि त्याच वेळीं शिरोळ तालुक्यांतलीं घरें सामान वर चढवूं लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या तीन सालांच्या खुणा अजून तेथल्या बोलण्यांत आहेत. सर्वसमावेशक विम्यांत पुराचें नुकसान येतें. परंतु इंजिनांत पाणी शिरल्यावर किल्ली फिरविली आणि इंजिन निकामी झालें, तर तें मागाहून ओढवलेलें नुकसान म्हणून कंपन्या बहुधा नाकारतात. इंजिन प्रोटेक्ट आहे तें ह्यासाठीं. डोंगरावरच्या गांवीं जें पैसे फुकट घालविणें ठरेल, तेंच नदीकांठीं हिशेबीपणाचें ठरतें. झीरो डेपचेंही तसेंच. साध्या विम्यांत प्लास्टिक व रबराच्या भागांचे अर्धे पैसे कापले जातात. धातूच्या भागांची कपात पहिल्या सहा महिन्यांत शून्य असते आणि दहा वर्षांपुढें पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. आजच्या मोटारीचा बंपर प्लास्टिकचा. अरुंद रस्त्यावर तोच प्रथम फुटतो.

लेपाची ओळ मीं खोडून टाकावयास सांगितली. उन्हांत उभी राहणारी मोटार सावलींत लावणें आणि वेळचे वेळीं धुणें, हें पुष्कळसें काम करतें.

स्नेह्यांनीं शेवटीं काय केलें? इंजिन प्रोटेक्ट आणि झीरो डेप घेतलें, पण आधीं दोन विमा कंपन्यांकडून भाव मागवून. मदतीची ओळ त्या विम्यांतच निघाली. लेप सोडला. वाढीव हमी पुढें ढकलली आणि मूळ हमी संपण्याची तारीख घरांतल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लाल शाईनें लिहून ठेवली. त्या तारखेखालीं त्यांनीं आणखी एक ओळ लिहिली आहे : राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोंचलें कीं मोटार उंचावरच्या नातेवाइकांकडे न्यावयाची, ४३ फुटांच्या धोक्याची वाट पाहावयाची नाहीं. ही ओळ शोरूमच्या कागदावर नव्हती, आणि तिला पैसेही पडले नाहींत.