ग्रहणाचें छायाचित्र आणि माणसाचा हात

एडवणच्या समुद्रकांठीं अमावास्येच्या रात्रीं उभें राहिलें म्हणजे आकाशाचे दोन भाग पडलेले दिसतात. पश्चिमेस, समुद्राच्या बाजूस, काळोख अजून बराचसा शाबूत आहे. उत्तरेस बोईसर-तारापूरच्या आणि दक्षिणेस वसई-विरारच्या दिव्यांचा उजेड क्षितिजावर चढलेला असतो. अशा ठिकाणीं हौशी छायाचित्रकार आकाशाचें चित्र घेतो आणि घरीं जाऊन संगणकावर त्याचा संस्कार करितो. क्षितिजावरचा उजेड पुसला जातो. आकाशगंगा डोळ्यांस कधीं दिसली नव्हती इतकी ठळक होते. मग पाहणारांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हें खोटें; दुसरा म्हणतो, ही कला. मात्र हा वाद संगणकाबरोबर जन्मास आला, याविषयीं दोघांचें एकमत असतें. ही समजूत इतिहासाला धरून नाहीं, आणि तिचें खंडन करणारा पुरावा आपल्या महाराष्ट्रांतच आहे.

२२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे गेली. त्या भरदुपारच्या रात्रीसाठीं देशोदेशींचे ज्योतिषी येथें आले होते. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर होते. करमाळ्याजवळील जेऊर येथें पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. वऱ्हाडांत तळणीस माँडर दांपत्य होतें. खग्रास स्थिति जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्या अवधींत सूर्याचें प्रभामंडल काचेवर उतरवावयाचें होतें.

परंतु प्रभामंडलाची एक अडचण आहे. सूर्यबिंबालगत तें अतिशय तेजस्वी असतें आणि बाहेर जातां जातां त्याचें तेज शेंकडों पटींनीं घटतें. काच क्षणभर उघडली तर आंतला भाग नीट उमटतो, बाहेरचे किरण येत नाहींत. अधिक वेळ उघडली तर बाहेरचे किरण येतात, पण आंतला भाग पांढरा फटफटीत होतो. डोळा दोन्ही एकदम पाहतो. काच पाहूं शकत नाहीं.

यावर त्या काळीं तीन उपाय होते. पहिला, निरनिराळ्या कालावधींच्या अनेक काचा घेणें. कॅम्पबेल यांनीं चाळीस फुटी कॅमेऱ्यानें हेंच केलें. दुसरा उपाय चार्ल्स बर्कहॉल्टर नांवाच्या अमेरिकन ज्योतिष्याचा. त्यानें काचेपुढें विशिष्ट आकाराची एक फिरती पात बसविली; तिच्या योगें आंतल्या भागास प्रकाश थोडा वेळ मिळे आणि बाहेरच्या भागास अधिक. १८९६ सालीं जपानांत ढगांनीं त्याचा हिरमोड केला होता. १८९८ सालीं या देशांत त्याची युक्ति सिद्धीस गेली. आज संगणकावर जो संस्कार बोटाच्या एका स्पर्शानें होतो, त्याचा हा पूर्वज होय.

तिसरा उपाय माणसाच्या हाताचा. १८७१ च्या ग्रहणांत बेकल व दोड्डबेट्टा येथें घेतलेल्या काचा लंडनच्या वेस्ली नांवाच्या चित्रकारानें समोर ठेविल्या, प्रत्येकींतील तपशील टिपला आणि सर्वांचें मिळून एक चित्र काढिलें. ज्योतिष्यांनीं तें मूळ काचांहून अधिक उपयोगी मानिलें. तें खोटें होतें काय? नाहीं. त्यांतील रेषांना काचांचा आधार होता, आणि चित्र कशावरून काढिलें हें सांगितलेलें होतें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत डेव्हिड मॅलिन यांनीं ऑस्ट्रेलियांत काचांवरील अंधुक तेजोमेघ अंधाऱ्या खोलींतील युक्त्यांनीं बाहेर काढिले, तेंही याच न्यायानें.

उलट, लपवाछपवीचा संस्कार कसा असतो याचें उदाहरणही विजयदुर्गच देतो. किल्ल्यांत ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवितात, आणि १८६८ सालीं हेलियमचा शोध येथेंच लागला असें सांगतात. वस्तुतः १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणांत यान्सेन गुंटूर येथें होते, आणि लॉकयर यांनीं ती पिवळी रेषा त्याच वर्षीं ऑक्टोबरांत इंग्लंडांत, ग्रहणावांचून पाहिली. लॉकयर विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनंतर. येथें दोन काचा एकीवर एक ठेवून लोकांनीं तिसरेंच चित्र तयार केलें, आणि जोड कोठें आहे तें कोणीच सांगितलें नाहीं. ओटे खरे, लॉकयर खरे, हेलियम खरा. चित्र तेवढें खोटें.

तेव्हां प्रश्न हात लावला कीं नाहीं हा नव्हे. काचेंत होतें तें बाहेर काढिलें, कीं नव्हतें तें घातलें. आणि काय केलें तें सांगितलें कीं नाहीं, हा आहे.

एडवणच्या छायाचित्रकारानें क्षितिजावरचा उजेड पुसावा; सौंदर्यास तेवढी मोकळीक आहे. परंतु तो उजेड हाही एक दस्तऐवज आहे. पन्नास वर्षांनीं कोणी विचारील कीं या किनाऱ्यावरचा काळोख केव्हां आणि कसा विरला, तेव्हां सुंदर चित्रें त्यास उत्तर देणार नाहींत. संस्कार न केलेलीं मूळ चित्रेंच देतील. आजच्या छायाचित्रकारानें चित्र हवें तसें सजवावें; मूळ मात्र जपून ठेवावें, आणि तें कोणत्या रात्रीं, कोठें घेतलें हें त्याजवर लिहून ठेवावें.