बीडची गाडी आणि राज्याचा अर्धा वाटा

गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज आणि पापडाच्या मागणीवर बोलतो. आज जरा रेल्वेवर बोलू.

"बीड जिल्ह्यानं रेल्वेच पाहिली नव्हती" असं पुष्कळजण म्हणतात. ते खरं नाही. परळी आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तिथं निझामाच्या काळापासून गाडी येते. शेजारच्या नगरला तर दौंड-मनमाड मार्ग 1878 सालीच सुरू झाला. मध्ये कोरडं राहिलं ते बीड, आष्टी, पाटोदा, वडवणी. नगर इंग्रजांकडे, बीड निझामाकडे. दोन राज्यांच्या सीमेवरच्या गावांना रूळ कोण आणणार? आपल्या आज्या गाडी धरायची तर आधी बैलगाडीनं, पुढं एसटीनं जालना, नगर नाहीतर परळी गाठायच्या.

नगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली 1995-96 साली. तेव्हाचा अंदाज होता 353 कोटींचा. पुढं वर्षानुवर्षं जमीन मिळायची तर पैसा नाही, पैसा आला तर काम अडलेलं. आपण गटात म्हणतोच ना, हप्ता थकला की व्याज वाढतं? इथंही तसंच झालं. आता खर्च 4,805 कोटींवर गेलाय, म्हणजे तेरा पटींहून जास्त!

एरवी रेल्वे म्हटलं की केंद्र सरकार. पण या मार्गाचा निम्मा खर्च महाराष्ट्र सरकारनं उचलायचं ठरवलं. राज्याचा हा वाटा होतो सुमारे 2,402 कोटी. राज्याची तिजोरी म्हणजे आपण मोबाइलसारख्या वस्तूंवर जो कर भरतो, तीही त्यात आली. म्हणून "सरकारनं गाडी दिली" असं कुणी म्हटलं की आम्ही बायका हसतो. आपली वर्गणी आहे बाई त्यात!

या मागणीसाठी मोर्चे निघाले, निवेदनं गेली, प्रत्येक निवडणुकीत आश्वासनं झाली. बीडमधून तीनदा लोकसभेत गेलेल्या केशरकाकू क्षीरसागर 2006 साली गेल्या, गोपीनाथ मुंडे 2014 साली गेले. दोघांनाही या रुळांवर गाडी बघायला मिळाली नाही. नगरकडून नारायणडोह, सोलापूरवाडी, कडा असं करत काम सरकलं. 23 सप्टेंबर 2022 ला आष्टीपर्यंत 66 किलोमीटरवर डेमू धावली. बीडला ती पोहोचली 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेली मुलगी तोवर तीस वर्षांची झाली होती. आमच्या गटांत अशा कितीतरी आहेत, त्यांची लेकरंही शाळेत जातात.

आता गाडी आपल्या कामाची किती? ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याला मुकादमाचा ट्रक दारातूनच उचलतो, तिथं या गाडीचा उपयोग नाही. एसटीत आपल्याला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, रेल्वेत बाई म्हणून तशी सवलत नाही. तेव्हा हिशेब जिनं तिनं करावा. पण चटणी-पापडाची पोती घेऊन नगरच्या बाजाराला जायचं, दवाखान्याला जायचं, पोरीला परीक्षेला न्यायचं, तर वेळापत्रक सोयीचं हवं. फलाटावर पाणी आणि बायकांचं स्वच्छतागृह हवं. संध्याकाळी उतरल्यावर स्टेशनातून गावात यायला वाहन हवं. ग्रामसभेत हे लेखी द्या आणि पोच घ्या, आमच्या गटांनी तसंच ठरवलंय.

बीडच्या पुढं वडवणीवरून परळीपर्यंतचा टप्पा अजून व्हायचाय. तो जोडला की नगरचा 1878 चा मार्ग आणि परळीचा निझामाच्या वेळचा मार्ग पहिल्यांदा बीडमधून एकमेकांना मिळतील. वडवणीच्या मैत्रिणी विचारतात, आमच्याकडं कधी? तारीख कळेल तेव्हा याच कार्यक्रमात सांगू.