इनामगांवचे बारा हंगाम

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव म्हणून खेडें आहे. तेथील पांढरीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ सालीं कुदळ घातली आणि बारा हंगाम खणून १९८३ च्या सुमारास ती खालीं ठेविली. अध्यापकानें वर्षाकांठीं किती संशोधन करावें व तें कसें मोजावें, यावांचून हल्लीं आम्हां मास्तरमंडळींत दुसरा विषय निघत नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं निबंधागणिक गुण देण्याची पद्धत घातली. तींत पुढें फेरफार झाले, पण मोजण्याची संवय राहिली. म्हणून या खेड्याची हकीकत सांगावीशी वाटते.

डेक्कन कॉलेज सरकारनें १९३४ सालीं बंद केलें होतें. तें १९३९ त पुन्हां उघडलें, तें संशोधनसंस्था म्हणून. त्याच वर्षीं हसमुख सांकळिया तेथें रुजू झाले. गृहस्थ दिरंगाई करणारे नव्हेत. नेवासें त्यांनीं १९५४ ते ५६ मध्यें खणलें आणि १९६० सालीं त्याचा ग्रंथ वाचकांच्या हातीं दिला. इनामगांवीं मात्र प्रश्नच निराळा होता. थरांचा व खापरांचा अनुक्रम लावावयाचा तर उभा चर पुरतो. सबंध गांव कसें नांदलें हें पाहावयाचें तर जमीन आडवी उघडावी लागते. सांकळिया, ढवळीकर व अन्सारी यांनीं ती उघडली.

शंभरांहून अधिक घरें निघालीं. इ. स. पू. १६०० पासून ७०० पर्यंतचा पट लागला. पांच खोल्यांचें एक घर सांपडलें व त्याच्या शेजारीं धान्याचें कोठार. यावरून तें गांवच्या मुख्याचें असावें असा तर्क झाला. तेवढ्या एका अनुमानासाठीं दोन्ही वास्तू उघड्या पडाव्या लागल्या, हें ध्यानांत घ्यावें. नदीचें पाणी आणणारा पाट, घराच्या जमिनीखालीं जोडरांजणांत पुरलेलीं मुलें, पाय घोट्यापासून तोडून पुरलेलीं मोठीं माणसें, आणि शेवटीं प्रशस्त चौकोनी घरांच्या जागीं गरिबीच्या वाटोळ्या झोपड्या! दौंड तालुक्यांतील वाळकीच्या लहानग्या वस्तीचा अर्थही याच चित्राशेजारीं ठेवून लावतां आला.

या कामास १९७५ सालीं किती गुण पडते? प्रस्तुत लेखकानें एका प्रबंधाचे तीन निबंध केले आहेत. गुण तिप्पट मिळाले, ज्ञान होतें तेवढेंच राहिलें. तरी डेक्कन कॉलेजकडेही थोडा दोष जातो. मानवी अस्थींवरील ल्यूकाक्स व वाळिंबे यांचा दुसरा खंड १९८६ त निघाला, आणि उत्खननाचा मुख्य पहिला खंड त्यामागून दोन वर्षांनीं! पहिली कुदळ पडल्यापासून वीस वर्षें झालीं होतीं. त्या मुख्य खंडावर सांकळियांचेंही नांव आहे. तो निघाल्यानंतर १९८९ च्या जानेवारींत ते वारले.