चढ चढणारी वीज

चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या चिमण्या दुरूनच दिसतात. इथला पहिला वीजसंच 1983 मध्ये सुरू झाला. आज या केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस इथून मुंबईकडच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची वाहिनी उभी राहिली. एक तार अधिक पाच लाख व्होल्टची, दुसरी उणे पाच लाखांची. एवढा दाब कशासाठी? दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह निम्मा लागतो आणि तारेत वाया जाणारी वीज चौथाईवर येते.

याच जंगलपट्ट्यात भामरागडकडे गेलो की प्रश्न तोच, पण आकार मुठीएवढा. सौरदिव्याची बॅटरी सहा व्होल्टची आणि दिव्यांची माळ मागते बारा. ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही. मग दाब चढवायचा कसा?

हे कोडे आधी पाण्याने सोडवले. वाहता नळ झटकन बंद केला की पाइपला धक्का बसतो. त्या धक्क्याने थोडे पाणी उंच चढवण्याची युक्ती इंग्लंडच्या जॉन व्हाइटहर्स्टने 1772 मध्ये केली. ती हाताने चालवावी लागे. फुगा उडवणाऱ्या मोंगोल्फिए बंधूंपैकी जोसेफने 1796 मध्ये ती आपोआप चालती केली. सगळे पाणी वर जात नाही, बरेचसे खालीच सोडून द्यावे लागते. उंचीची किंमत असते.

विजेतही असा धक्का आहे, हे फॅरेडेच्या 1831 च्या शोधानंतर कळू लागले. तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह अचानक तोडला की तो थांबायला तयार नसतो, दाब वाढवून पुढे जाऊ पाहतो. 1836 मध्ये आयर्लंडचे धर्मगुरू निकोलस कॅलन यांनी साध्या बॅटरीवर असे वेटोळे चालवून जबर झटके मिळवले. पुढे गाडीतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओत बॅटरीचे सहा व्होल्ट चढवायला सतत गुणगुणणारा व्हायब्रेटर आला. 1947 मध्ये ट्रान्झिस्टर निघाला आणि गुणगुण थांबली. आता तेच काम सेकंदात हजारो वेळा, निःशब्द होते.

दिव्याच्या डबीत चौघे असतात: वेटोळे, स्विच, डायोड आणि कपॅसिटर. त्यांची निवड हाच सारा खेळ. बारा व्होल्टवर अर्धा अँपिअर हवा असेल तर शक्ती झाली सहा वॉट. सहा व्होल्टच्या बॅटरीतून निदान एक अँपिअर ओढावा लागेल, गळती धरून सुमारे 1.2. वेटोळ्यातला प्रवाह सतत वरखाली होतो, म्हणून ते दोन अँपिअरपर्यंत न गुदमरणारे घ्यावे. स्विचला बाराहून बराच जास्त दाब सोसता यावा. डायोड शॉट्की जातीचा असावा. साधा डायोड 0.7 व्होल्ट खातो, हा 0.4 च्या आसपास. कपॅसिटर मधले खळगे भरून उजेड स्थिर ठेवतो.

आणि दगा देतो तो बहुधा हाच. चंद्रपूरचा उन्हाळा 46-47 अंशांवर जातो. बंद डबीत 65 अंश झाले असे धरू. कपॅसिटरच्या अंगावर 85 किंवा 105 अंश छापलेले असते. ढोबळ नियम असा, की दर दहा अंश उतरले की आयुष्य दुप्पट होते. दोघांचेही आयुष्य छापील तापमानाला 2000 तास असेल, तर 65 अंशांवर 85 वाला सुमारे 8000 तास टिकेल, 105 वाला 32000. किमतीतला फरक काही रुपयांचाच.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तेव्हा दुरुस्तीवाला येत नाही, सुटा भागही मिळत नाही. अंधार, साप, विंचू आणि शाळेचे पुस्तक यांच्यामध्ये ती डबीच असते. म्हणून गावासाठी सौरदिवे घेताना दिवा किती झगझगतो हे पाहून थांबू नये. झाकण उघडायला लावावे आणि कपॅसिटरवर किती अंश छापले आहेत, ते वाचावे.