बुलेटचा कार्ब्युरेटर : दुरुस्ती आणि बदल

आपल्या मुलखापासून दूर नेमणुकीवर असलेल्या अधिकाऱ्यास एक प्रश्न वारंवार सोडवावा लागतो. भांडारातील एखादी वस्तू बिघडली, की ती दुरुस्त करवून घ्यावी, की निकामी ठरवून नवी मागवावी? वस्तू निकामी ठरवायची तर तिची कारणे लेखी नोंदवावीत, असा सरकारी नियम आहे. लष्करात तर दुरुस्तीचा खर्च परवडण्यापलीकडे गेलेल्या वस्तूंचा स्वतंत्र वर्गच मानला जातो. हा निर्णय वरवर पाहता यंत्रशास्त्राचा वाटतो. परंतु देशाची आर्थिक स्थिती आणि कारागिराचे कसब यांचाही त्यांत मोठा वाटा असतो, असे आमचे मत आहे. बुलेट मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते.

कार्ब्युरेटरचे कार्य थोडक्यात सांगता येईल. हवेचा मार्ग अरुंद केला की तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. बर्नुलीने १७३८ साली मांडलेल्या या तत्त्वाच्या आधारे वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाते व त्याचा फवारा हवेत मिसळतो. १८८५ साली डाइमलर व मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी दुचाकी सिद्ध केली, तेव्हा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळण्याची पद्धत होती. फवाऱ्याची युक्ती मायबाखने १८९३ साली अमलात आणली. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये बांकी व चोंका या दोघांनीही स्वतंत्रपणे तसाच शोध लावला. पुढे १९२७ साली इंग्लंडमधील तीन कार्ब्युरेटर-उत्पादक एकत्र आले आणि बर्मिंगहॅमची ‘अमल’ ही संस्था उदयास आली. ब्रिटिश मोटारसायकलींवर पुढील कित्येक वर्षे याच नावाचा कार्ब्युरेटर दिसे.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने ३५० सीसीच्या ८०० बुलेट गाड्या मागवल्या आणि १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली. इंग्लंडहून येणारे सुटे भाग जोडून प्रारंभ झाला व क्रमाक्रमाने ते भाग येथेच बनू लागले. मात्र १९५७ च्या सुमारास देशापुढे परकीय चलनाची टंचाई उभी राहिली आणि आयातीवरील निर्बंध कडक झाले. परदेशी सुटा भाग मिळवणे म्हणजे परवाने, अर्ज आणि प्रतीक्षा. अशा काळात ‘नवा बसवा’ हा सल्ला देणे सोपे असले, तरी पाळणे अवघड होते. दुरुस्तीची कला टंचाईच्या पोटीच बहरली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ही कला किती सूक्ष्म होती, हे काही उदाहरणांवरून कळेल. अमलचे बाह्यांग जस्ताच्या मिश्रधातूचे, आणि त्याच्या नळकांड्यात वरखाली सरकणारी स्लाइडही बहुधा त्याच धातूची. सारखे धातू एकमेकांवर सतत घासले म्हणजे दोन्ही झिजतात. मग फटीतून जादा हवा शिरते, आणि गाडी उभी असताना इंजिन एका लयीत चालेनासे होते. अशा वेळी कुशल कारागीर नळकांडे लेथवर किंचित मोठे कातून घेई, स्लाइडवर पितळेचे पातळ कवच चढवी आणि दोहोंचा मेळ पुन्हा जुळवी. इंजिनाशी जोडणाऱ्या पट्टीचे दोन नट कोणी फाजील जोराने आवळले असतील, तर ती मधोमध वाकलेली असे. तिच्यावरचा उपाय म्हणजे सपाट काच, तिच्यावर पसरलेला पॉलिशपेपर आणि धीराने घासणारा हात.

जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरमधील फ्लोट पितळेचा, पोकळ असे. त्याला भोक पडले की आत पेट्रोल शिरून तो बुडे व वाटी वाहू लागे. मिस्त्री तो कानाजवळ हलवून पाही. मग गरम पाण्यात बुडवी. बुडबुडे निघाले तेथे भोक. परंतु डाग देताना कथिल जास्त झाले, तर फ्लोट जड होऊन पेट्रोलची पातळी चढे. म्हणजे गळती थांबून नवाच दोष उत्पन्न होई. जेटच्या बाबतीतही तेच. अमलच्या जेटवरील आकडा छिद्राचा व्यास दर्शवीत नाही. दर मिनिटाला त्यातून किती घन सेंटिमीटर पेट्रोल वाहील, हे तो सांगतो. अडकलेला कचरा काढण्यासाठी ज्याने त्यात तार घातली, त्याने तो आकडा खोटा केला. असा जेट बदलणेच योग्य. काय दुरुस्त होते आणि काय होत नाही, हे ओळखणे हाच या विद्येचा कळस होय.

दूरच्या नेमणुकीवर या विद्येची कसोटी लागे. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोनतृतीयांशच असतो. मैदानात उत्तम चाललेली गाडी तेथे काळा धूर ओकू लागे, कारण पेट्रोल तेवढेच आणि हवा मात्र विरळ. लहान जेट बसवून सुईची खाच बदलली की तीच गाडी पुन्हा सुरळीत होई. तेथे बिघाड कार्ब्युरेटरमध्ये नसून हवेत आहे, हे ज्याला समजे, तो भांडारातील एक चांगला नग निकामी ठरण्यापासून वाचवी.

पुढे काळ पालटला. मद्रासेतील युकॅल या कंपनीने जपानच्या मिकुनीच्या सहकार्याने बनवलेला ‘मिककार्ब’ बुलेटवर बसू लागला. १९९१ नंतर आयातीचे निर्बंधही सैल झाले. दिल्लीच्या करोलबागेत किंवा चेन्नईच्या पुदुपेट्टईत हवा तो भाग मिळू लागल्यावर झिजलेल्या अमलवर दिवस घालवणे कोणास परवडणार? बदल हाच शहाणपणा ठरला, आणि त्यात गैर काही नव्हते. अखेर १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे भारत स्टेज सहा हे निकष लागू झाले आणि नव्या बुलेटवरून कार्ब्युरेटरच नाहीसा झाला. त्याच्या जागी आलेली इंधन-अंतःक्षेपणाची यंत्रणा हवेची विरलता स्वतःच ओळखते व पेट्रोल बेताने सोडते. शहरांच्या हवेचा विचार करता या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. मात्र तिच्यात बिघाड झाला, तर भाग उघडून दुरुस्त करण्यापेक्षा तो काढून नवा बसवणे हाच बहुधा एक मार्ग उरतो.

तरीही जुन्या बुलेट अद्याप रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली १० टक्के झाले आणि २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर गेले. या इथेनॉलचा एक मोठा हिस्सा महाराष्ट्रातील उसापासून तयार होतो, ही आपणा सर्वांस आनंदाची गोष्ट. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी फार दिवस उभी राहिली, तर तो ओलावा जस्ताच्या वाटीत पांढरी बुरशीसारखी पूड धरवितो आणि इथेनॉल जुन्या रबराची बोंडे व वायसर फुगविते. म्हणजे ज्या ज्ञानाची गरज संपली असे वाटत होते, त्याच ज्ञानाला पुन्हा काम मिळाले आहे.

ते ज्ञान कोणत्याही नोंदवहीत उतरलेले नाही; ते वृद्ध मिस्त्र्यांच्या बोटांत आहे. आमचे वाचक देशाच्या कानाकोपऱ्यात पसरलेले आहेत. त्यांच्या नेमणुकीच्या गावी असा एखादा कारागीर असेल, तर त्याच्या शेजारी एखादा होतकरू मुलगा शिकत बसेल अशी तजवीज त्यांनी अवश्य करावी. नवा भाग पैशाने येतो. कोणता भाग अजून टिकेल, हे सांगणारी नजर तयार व्हायला एक आयुष्य लागते.