कोंडलेली हवा : आमोंताँपासून समृद्धीपर्यंत

आजचा विषय साधा वाटेल. बंद भांड्यातली हवा तापली की तिचा दाब वाढतो. शाळेतला मुलगाही हे सांगेल. पण किती वाढतो, हे विचारायला माणसाला फार काळ लागला.

आपल्या वैशेषिकांनी वायूचा विचार केला तो स्पर्शाच्या अंगाने. वायूचा स्पर्श अनुष्णाशीत, म्हणजे ना उष्ण, ना थंड. वारा गरम लागतो तो त्यात मिसळलेल्या तेजामुळे. विचार बारीक आहे, पण त्यात मोजमाप नाही.

मोजमाप केलं पॅरिसच्या गियोम आमोंताँने (1663–1705). किशोरवयातच त्याला ऐकू येईनासं झालं होतं. 1702 मध्ये त्याने काचेच्या गोळ्यात पाऱ्याच्या साहाय्याने हवा कोंडली आणि उकळत्या पाण्याइतकी तापवली. दाब साधारण एक तृतीयांशाने वाढला. आणि हवा कमी कोंडा की जास्त, वाढीचं प्रमाण तेच! आता उलटं बघा. थंड करत गेलो तर दाब कधीतरी शून्यावर यायला हवा. म्हणजे थंडीलाही तळ आहे. याच विचाराच्या वाटेवर पुढे 1848 मध्ये केल्व्हिनची मोजपट्टी आली. तिचा तळ उणे 273 अंश.

हा नियम आज आपल्या शहराजवळून धावतो. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. हिशेब करू. सकाळी 27 अंशांना टायरमध्ये 32 पीएसआय हवा आहे. बाहेरच्या हवेचा दाब धरून ती सुमारे 47. टायर 77 अंशांपर्यंत तापला, तर केल्व्हिनमध्ये 300 चे 350 झाले. दाब 47 चा 55, आणि गेजवर दिसतात 40.

लोक म्हणतात, मग उन्हाळ्यात हवा कमीच भरा. इथे तर्क घसरतो. ही वाढ गृहीत धरूनच कंपनी थंड टायरचा आकडा देते. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, वाकतो आणि त्यानेच आणखी तापतो. त्यात टायर जुना, गाडीत भार जास्त, वेग जास्त, की तो फुटायला वेळ लागत नाही. नायट्रोजन कोरडा असतो, जरा सावकाश झिरपतो, एवढंच. आमोंताँचा नियम त्यालाही सुटलेला नाही.

तेव्हा लांब निघण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासा. स्टेपनीचीही.

आता प्रश्न घेऊ.