खोली व वेग संवेदक, जहाजांवरील
पाण्याची खोली आणि पाण्यातून जाणाऱ्या जहाजाचा वेग यांची नोंद घेणारी, बहुधा जहाजाच्या तळात बसविलेली साधने. साधनाच्या गुणवत्तेइतकेच त्याच्या जागेलाही महत्त्व असते, हे त्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने खोली मोजण्याची पद्धत प्राचीन आहे. ईजिप्तच्या किनाऱ्यापासून एक दिवसाच्या प्रवासाइतक्या अंतरावर ११ वाव (१ वाव म्हणजे सु. १.८ मी.) खोलीवरून चिखल वर येतो, असे हीरॉडोटस (इ. स. पू. पाचवे शतक) यांनी नमूद केले आहे. वेगमापनासाठी दोरी बांधलेली फळी पाण्यात टाकण्याच्या पद्धतीचे वर्णन विल्यम बोर्न यांनी १५७४ मध्ये केले. पुढे दोरीला समान अंतरांवर गाठी मारून ठराविक वेळात सुटलेल्या गाठी मोजू लागले. ‘नॉट’ (ताशी १.८५२ किमी.) हे एकक त्यावरूनच आले. जहाजामागील खळबळलेले पाणी ओलांडून फळी दूर जाईपर्यंत मोजणी सुरू करीत नसत.

वजनाने खोली मोजताना जहाजाचा वेग कमी करावा लागे. ८ सप्टेंबर १९२३ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत वेगाने जाणाऱ्या अमेरिकी विनाशिकांच्या ताफ्याने याच कारणास्तव खोली मोजली नाही. वेगाचा अंदाज मळसूत्राच्या फेऱ्यांवरून बांधला. परिणामी धुक्यात सात विनाशिका होंडा पॉइंट येथील खडकांवर आदळून नष्ट झाल्या व २३ नाविक मृत्युमुखी पडले.

रेजिनल्ड फेसेंडेन यांनी १९१४ मध्ये हिमनगावरून परतलेला ध्वनी टिपला होता. या तत्त्वावरील प्रतिध्वनिमापकांमुळे चालत्या जहाजातून खोली कळू लागली. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सु. १,५०० मी. असल्याने एका सेकंदाने परतलेला प्रतिध्वनी सु. ७५० मी. खोली दर्शवितो.

साधने तळात आल्यावर खळबळीचा जुना प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. बुडबुड्यांमुळे ध्वनी विखुरतो. म्हणून संवेदक मळसूत्राच्या पुढे, प्रवाह अखंड असलेल्या जागी बसवितात. तिरप्या तळावर पाचरीसारखा ठोकळा लावून ध्वनिशलाका उभी ठेवतात. ॲल्युमिनियमच्या तळाला काशाचे आवरण वर्ज्य असते. कारण खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजते. वेगदर्शक चक्राचे अंशन ज्ञात अंतर दोन्ही दिशांनी कापून करतात. तथापि हे चक्र पाण्यासापेक्ष वेग दाखविते, जमिनीसापेक्ष नव्हे. तसेच खोली संवेदकापासून मोजली जाते. संवेदकापासून जहाजाच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचे अंतर तीतून वजा केल्यावरच जहाजाखाली खरोखर किती पाणी आहे ते समजते.